आजी बोलली तसं लिहू, की 'नीट' लिहू?

बर्डीवाली

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझ्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरच्यांनी ठरवलं की नुसतं जेवण आणि साडी नको, तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढू. काम अर्थातच माझ्या गळ्यात. चार रविवार तिच्यासमोर फोन ठेवून बोलणं रेकॉर्ड केलं आणि रात्री बसून टाइप केलं.

परवा पहिली आठ पानं तिला वाचून दाखवली. ती अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होती. दुसऱ्या पानावर हात थांबला.

"हे कोन बाई आहे व?"

म्हटलं, आजी, तूच.

"मी? मी कवा अशी बोलली? हे त पुन्याची मास्तरीण दिसते."

घरी हसून पुरेवाट झाली, पण मी रात्री रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तिचं वाक्य असं होतं: "म्या त्याईले म्हटलं का बाप्पा, पोरगी शिकून राहिली त शिकू द्या, तुमचं काय जाऊन राहिलं?" आणि मी लिहिलं होतं: "मी त्यांना म्हणाले की मुलगी शिकते आहे तर शिकू द्या, तुमचे काय जाते?" असं करायचं मी ठरवलं नव्हतं. आठ पानं होईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

आता प्रश्न. तिचं माहेर नागपूरजवळच्या काटोलकडचं, बोलणं अजून तिकडचंच. ती बोलली तसंच छापू का? मुंबई-पुण्याचे नातेवाईक वाचणार, त्यांना ते गमतीचं वाटेल का? आणि लिहायचं तर कसं, 'राहिली', 'राह्यली' की 'रायली'? आणखी एक. मी स्वतः घरी "काय करून राहिली" म्हणते, पण शाळेपासून आजपर्यंत एकदाही तसं लिहिलेलं नाही. डायरीतसुद्धा नाही, आणि ती कोण तपासणार होतं?

तर्री_एक्स्ट्रा

बोलली तसंच लिवा. विषय संपला. पोहे कोन आणून राहिलं?

सदाशिव_पेठी

थोडा विरोध करतो, पुण्याचा म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून. बोलण्यात सूर असतो, चेहरा असतो, सुपारी असते. कागदावर यातलं काही उरत नाही. सलग चाळीस पानं बोलीत वाचणं ज्याला त्या बोलीची सवय नाही त्याला जड जातं. कादंबऱ्यांमध्ये करतात तसं करा : निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत. आणि बोलतो तसं आम्हीही लिहीत नाही हो. मी बोलताना 'आलीये' म्हणतो, लिहिताना 'आली आहे' लिहितो. त्यात माझी ओळख पुसली गेली असं मला कधी वाटलं नाही.

इटवारी_पोट्टा

पेठीभाऊ, तुमच्या 'आली आहे'चं 'आलीये' झालं तर ती 'अनौपचारिक शैली' होते. आमच्या 'त्याला'चं 'त्याले' झालं की ते विनोदी पात्र होते. फरक इथं आहे. मालिकेत वऱ्हाडी कोण बोलते? वॉचमन, घरगडी, नाहीतर नायकाचा तो जाडा मित्र. नायक कधी "मले तू आवडते" म्हणते का? संमेलनात वऱ्हाडी कवितेचं सत्र असलं की लोक हसायच्या तयारीनंच बसतात. आमच्या बोलीत कोणी रडलेलं छापलं आहे का कधी? दाखवा एक.

लिंबाचा_पार

दाखवतो. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०. त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात आणि वाचताना हसू येत नाही, घास अडकतो. गाडगेबाबांची कीर्तनंही याच बोलीतली. लोक हसायचेही, पण हसता हसता मान खाली जायची. सरसकट विधानं करू नये, बाबू.

इटवारी_पोट्टा

चूक कबूल. पण काका, उदाहरण द्यायला साठ वर्षं मागं जावं लागलं हेही बघा.

वाडीवरून_वर्ध्याला

मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा भाजीवाल्याकडे दहा रुपयांचा सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मागितला. त्यानं उडप्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं.

तर्री_एक्स्ट्रा

हा किस्सा दर धाग्यावर येते. दर वेळी माणूस वेगळा, भाजीवाला तोच. आता पुढचा मुंगन्याच्या (शेवग्याच्या) शेंगांचा येईन.

वाडीवरून_वर्ध्याला

तोच टाइप करून राहिलो होतो. 😀

कामठी_लाईन

ताई, मला थोडं उलट बोलायचं आहे. राग मानू नका.

'बोली जपा' हे मी पुष्कळ ऐकतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्या बोलीवर कधी कोणी हसलं नाही त्याच्या तोंडून ऐकतो. माझे वडील पाचवीत असताना वर्गात 'पानी' म्हणाले. गुरुजींनी उभं करून सगळ्या वर्गासमोर दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या वस्तीचं पाणीच अशुद्ध, जीभ कुठून शुद्ध होणार." त्यात ण-न चा प्रश्न किती होता आणि वस्तीचा किती, हे तुम्ही समजून घ्या. 'शुद्धलेखन' हा शब्द मला अजूनही टोचतो. आता 'प्रमाणलेखन' म्हणतात, ते बरं.

पण वडिलांनी त्या 'ण'चा नाद सोडला नाही. तो कमावला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घराण्यात ज्या गोष्टी बदलल्या, त्यात पत्राचा मायना एक होता. आजोबा प्रौढ वर्गात लिहायला शिकले. सिलोटीवर अक्षर वाकडं यायचं, पण इनलँडवर सगळ्यात वर, जिथं लोक 'श्री' लिहितात, तिथं ते 'जय भीम' लिहायचे, दोन रेघा मारून. हा अभिवादनाचा शब्द रुजवणारे बाबू हरदास एल. एन. आमच्या कामठीचेच. आजोबांच्या पुऱ्या पत्रात स्वतःचं म्हणावं असं ते एक वाक्य. बाकी 'पत्र लिहिण्यास कारण की' हे सगळ्या जगाचं असायचं तेच. ते 'पत्र लिहिण्यास कारण की' सुद्धा त्यांनी घासून घासून मिळवलं होतं. कोणी त्यांना सांगितलं असतं की "बाबा, तुम्ही आपल्या बोलीत लिहा, ती गोड आहे", तर ते म्हणाले असते, "आम्हाले पुन्हा बाहेर बसवून राहिले का?"

म्हणून माझा सल्ला एवढाच : आजीला विचारा. तिच्या वतीनं तुम्ही ठरवू नका, आम्हीही नको.

सदाशिव_पेठी

+१. हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

महालकर_काका

नागपूरचा माणूस भाषेच्या बाबतीत कायमचा उंबरठ्यावर. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी सीपी अँड बेरारची (मध्य प्रांत आणि वऱ्हाड). कचेरीत हिंदी, घरी मराठी, न्यायालयात इंग्रजी. पहिलं विश्व हिंदी संमेलन कुठं भरलं? जानेवारी १९७५, नागपूर. दिल्ली नाही, बनारस नाही. आणि 'करून राहिलो' हे 'कर रहा हूँ'चंच मराठी पोर, असं आम्ही तरी समजत आलो.

माझं आवडतं उदाहरण मुक्तिबोध बंधू. घरी बोलायची भाषा मराठी. थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले आणि हिंदी कवितेत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. १९५८ मध्ये राजनांदगावला जाण्याआधीची दहाएक वर्षं नागपुरातच होते, इथल्या आकाशवाणीवर काम केलं. धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले, नागपुरात शिकवलं, १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार घेतला. एका आईची दोन मुलं, दोन भाषा. आता यातला कोणता आपल्या ओळखीशी प्रामाणिक राहिला, सांगा बरं.

इटवारी_पोट्टा

काका, दोघंही. पण दोघांनीही वऱ्हाडीत नाही लिहिलं. 😛

महालकर_काका

अरे, ते मूळचे इकडचे नाहीतच! थोरल्यांचा जन्म श्योपूरचा. वाद घालायचा म्हणून घालतोस.

बर्डीवाली

काकांनी हिंदीचा विषय काढला म्हणून. आमच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन मराठी माणसं हिंदीत दहा मिनिटं घासाघीस करतात, मग एकाच्या फोनवर आईचा कॉल येतो आणि "हो व माय, आलोच" निघते. मग दोघंही ओशाळतात आणि भाव वीस रुपयांनी उतरतो. मी स्वतः पाहिलं आहे.

आणि फोनचं काय सांगू. 'मले' टाइप केलं की तो आपणहून 'मळे' करतो, 'तुले'चं 'तुळे'. आजीच्या अर्ध्या पानात नुसते मळेच मळे. बोलून टाइप करायचं पाहिलं, तर 'म्या त्याईले'चं त्यानं 'माताईला' केलं. कंटाळून मी त्याचंच ऐकायला लागले असणार. चूक तिथून सुरू झाली की काय!

मोडी_आणि_गोडी

धाग्यावर उशिरा आलो, पण हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी तुमच्याच शेजारी पडून गेला आहे.

काटोलहून वरूड-मोर्शीकडे गेलं की रिद्धपूर येतं. महानुभावांचं ठिकाण. चक्रधरस्वामींनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्याभोवती संस्कृत जाणणारे मोठमोठे पंडित होते. त्यातल्या केशवदेवांनी संस्कृतात विचारलं तेव्हा नागदेवाचार्य म्हणाले की तुमचं 'अस्मात्, कस्मात्' मला कळत नाही, चक्रधरांनी मला मराठीत सांगितलं, मराठीतच विचारा. त्याच केशवदेवांना संस्कृतात रचना करायची होती, तर त्यांना अडवलं. कारण काय दिलं? असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. ही हकीकत नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आहे. शब्द बघा, 'नागवतील'. त्यांना समजणार नाही, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. म्हाताऱ्या लुटल्या जातील, असं म्हणाले. पंथातल्या साध्या बायांना डोळ्यासमोर ठेवून भाषा ठरवली गेली.

आणि म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं ते कसं? ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, आठवणी गोळा करून. कुणाचा पाठ वेगळा असेल तर पुढे तोही नोंदला गेला. स्वामी काय म्हणाले इतकंच त्यात नाही, कसे म्हणाले तेही आहे. म्हणून आज आपल्याला तेराव्या शतकातलं बोलणं ऐकू येतं. त्या वेळच्या कुणी 'नीट' करून ठेवलं असतं तर?

गंमतीचा भाग असा की याच पंथानं पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले. सकळ लिपी त्यातली प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या कुणाला ते वाचता येत नव्हते. म्हाताऱ्यांसाठी उघडलेलं दार जगासाठी बंद! तेव्हा, बर्डीवालीताई, पुस्तिका कुणी वाचायची हे आधी ठरवा. लिपी-बोलीचं मग बघू.

लिंबाचा_पार

वा. म्हातारी नागवली जाणे. बर्डीवालीताईंच्या आजीनं सुपारी थांबवून हेच सांगितलं की.

झाडीपट्टी_नाटकवाला

काटोलकडचं म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीपेक्षा वेगळं. तुमच्याकडे 'डोळा'चा 'डोया' होते, आमच्याकडे साकोली-लाखांदूर भागात 'डोरा'. विदर्भ म्हटला की सगळे वऱ्हाडीच म्हणतात, आम्ही खिजगणतीत नाही. दिवाळीनंतर वडशाला या, रात्रभर नाटक चालते, हजारो माणूस बसते. नायक रडते तेव्हा पूर्ण मांडव रडते. इटवारीभाऊ, तुमच्या 'दाखवा एक'चं उत्तर तिथं आहे, तिकीट काढून या.

देवलापारचा

तुम्ही मराठीच्या बोलीवर भांडून राहिले. माझे आजोबा गोंडी बोलायचे. मला एक पूर्ण वाक्य येत नाही. हे शहर वसवणारा बख्त बुलंदशहा गोंड राजा होता, पण शहराच्या जुन्या महाल भागात आज गोंडी कुठं ऐकू येते? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे भाषा मेली असं नाही. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी लिपी केली, ती २०१७ मध्ये युनिकोडमध्येही आली. मी ती अक्षरं फोनवर काढून पाहिली. माझं नाव लिहिलं. आईला दाखवलं तर म्हणाली, "छान डिझाइन आहे." ताई, रेकॉर्डिंग डिलीट करू नका. पुस्तिका कशीही निघो.

सातासमुद्रापार_नागपूरकर

रेकॉर्डिंगला शंभर वेळा अनुमोदन.

माझी एक भर. आमच्या बोलीत 'करजो', 'येजो', 'सांगजो' आहे ते जपून लिहा. प्रमाण मराठीत 'कर' म्हटलं की आत्ता कर. 'करजो' म्हणजे नंतर, सवडीनं, पण विसरू नको. विमानतळावर आई म्हणाली, "पोहोचला का फोन करजो. जेवत जाजो." मित्राला सांगताना मी त्याचं "पोहोचल्यावर फोन कर" केलं. वाक्याचा अर्थ तोच राहिला, पण आई त्यात नव्हती.

सदाशिव_पेठी

हे 'करजो' मला माहीत नव्हतं. हेवा वाटला. आमच्याकडे त्यासाठी आख्खं वाक्य खर्चावं लागतं, आणि त्यातही टोमणा शिरतो.

माझं मत थोडं बदललं आहे, पूर्ण नाही. व्यावहारिक सूचना : मराठी साहित्य महामंडळाचे प्रमाणलेखनाचे १८ नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. 'राहणे' लिहावं, 'रहाणे' लिहू नये, हेसुद्धा त्यात आहे. पण 'राह्यली'बद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणजे तुम्ही मोकळ्या आहात. फक्त एकदा जे ठरवाल ते शेवटच्या पानापर्यंत पाळा. एका पानावर 'राहिली' आणि दुसऱ्यावर 'रायली' झालं तर वाचणारा अडखळतो आणि दोष बोलीवर जातो.

तर्री_एक्स्ट्रा

नियमांचं सोडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांच्या (म्हणजे मिरवायच्या पुतळ्यांच्या) गळ्यातल्या पाट्या वाचा. अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या भरवशावर. महागाई, पेपरफुटी, खड्डे, नेते, सगळ्याले एका पाटीत हानते. नागपूरचं खरं लिखाण हेच. "घेऊन जा गे मारबत" मध्ये कोणी व्याकरण काढलं का?

इटवारी_पोट्टा

आज पहिल्यांदा तर्रीभाऊशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

बर्डीवाली

तीन आठवड्यांनी परत आले. माफ करा, घाई होती.

कामठी_लाईन दादांचं ऐकलं. पुन्हा टाइप केलं, या वेळी कान लावून, आणि आजीसमोर बसून वाचलं. या वेळी सुपारी चालू राहिली. मधे मधे "हा, असंच झालं" म्हणाली. मग शाळेच्या भागात अडली. मी लिहिलं होतं, 'मी शायेत गेली'.

"शाळा लिह."

म्हटलं, तू 'शाया'च म्हणते.

"म्हन्ते मी. पन लिवतानी शाळा. चौथीपर्यंत गेली मी. गुरुजीनं पाटीवर ळ गिरवून गिरवून घेतला. थो काऊन पुसून राहिली तू?"

मग ती बसली आणि एकेक शब्द ठरवू लागली. ळ ठेवायचा, ण ठेवायचा, ते तिनं शिकून मिळवलेले. 'म्या', 'त्याईले', 'करून राहिली', 'काऊन' हे तिचे स्वतःचे, त्यांना हात लावायचा नाही. 'करजो' तर नाहीच नाही. 'थे'बद्दल ती दोन दिवस विचार करत होती, मग म्हणाली राहू दे, तुझे आजोबा मले 'थे' म्हनूनच माहीत आहे. पेठीदादा, नियमावली झाली, सही तिची आहे.

मला ज्या परिच्छेदाची धास्ती होती तो आजोबा गेल्याचा. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'त्यांचे निधन झाले तेव्हा बागेत संत्र्यांची तोडणी सुरू होती.' आता असं आहे :

"थे गेले तवा वावरात संत्रा तोडनं चालू होतं. टरक उभा होता. कोनी थांबलं नाही. मीबी नाही थांबली. संध्याकाळी हात धुतले तवा रडली."

टायपो नाही, 'कोनी' आणि 'तोडनं' मुद्दाम आहे. इथं तिनं ण मागितला नाही. मीही विचारलं नाही.

इटवारी_पोट्टा

ताई, 'शाळा'त ळ पाहिजे आणि 'तोडनं'त ण नको, हे विसंगत आहे असं लिहायला आलो होतो. परिच्छेद वाचला. जाऊ द्या.

कामठी_लाईन

आजींना जय भीम सांगा. तो 'ळ' पुसू नका.

बर्डीवाली

सांगितलं. "त्याईलेबी सांगजो" म्हणाली.

ताजा कलम : आज प्रूफ आलं. डीटीपी करणारा दादा मूळचा सावनेरकडचा. पहिल्या चौदा पानांवर 'त्याईले'चं 'त्यांना', 'म्या'चं 'मी', 'राहिली'चं 'आहे', सगळं झाडून-पुसून ठेवलेलं. फोन केला, तर म्हणे, "ताई, चुका लय होत्या, म्या दुरुस्त करून देल्ल्या. पैशे नाही घेऊन राहिलो त्याचे."

तर्री_एक्स्ट्रा

त्याले म्हना, पैशे घे पन परत बिघडवून दे.